'फाउल' आणि 'पू' : किळस व्यक्त करणाऱ्या इंग्रजी शब्दांची कूळकथा

फुटबॉलच्या मैदानावर पंचांची शिट्टी वाजली की प्रेक्षकांतून 'फाउल'चा पुकारा होतो. गोव्यात तर हा शब्द शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो आणि तो परका आहे, असे कोणाला वाटतही नाही. मात्र नियमभंग हा त्याचा अर्थ बराच उशिराचा आहे. जुन्या इंग्रजीत 'फाउल' म्हणजे सडलेले, कुजलेले, घाण सुटलेले. इंग्रजीत आजही दुर्गंधीला, शिवराळ भाषेला, वादळी हवामानाला आणि घातपातालाही हेच विशेषण लागते. सडक्या वस्तूचे वर्णन करणारा शब्द खोटेपणाने खेळलेल्या खेळाला लावला गेला आणि तेथून तो मडगावच्या मैदानावर पोहोचला.

या शब्दाचे मूळ शोधू लागले की मराठी वाचकाला घरचेच माणूस भेटते. संस्कृतात 'पूति' म्हणजे दुर्गंधीयुक्त, 'पूय' म्हणजे जखमेतील पू. मराठीतला 'पू' त्यातूनच आला. लॅटिनमध्ये याच मुळापासून 'पस' हा शब्द झाला आणि तो जसाच्या तसा इंग्रजी वैद्यकात गेला. ग्रीकमधल्या भावंडापासून दातांच्या डॉक्टरांचा 'पायोरिया' तयार झाला. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीकमध्ये जेथे 'प' असतो तेथे इंग्रजी-जर्मनसारख्या भाषांत अनेकदा 'फ' आढळतो. पितृ आणि फादर, पाद आणि फुट, पंच आणि फाइव्ह या जोड्या त्याच नियमाच्या. परीकथांचे संकलन करणारे याकोब ग्रिम यांनी हा नियम सविस्तर मांडला. त्याच नियमाने 'पूति'चा सख्खा भाऊ 'फाउल' ठरतो आणि 'फाउल'ची लेक 'फिल्थ', म्हणजे घाण. इंग्रजीतील 'प्युट्रिड' म्हणजे सडका हा शब्दही याच घरातला. फक्त तो लॅटिनच्या वाटेने आल्यामुळे त्याचा 'प' शाबूत राहिला.

किळस दाखवणारे शब्द असे जुने निघावेत यात नवल नाही. देवांची नावे बदलतात, राज्ये बदलतात. पण सडलेल्या मांसापासून दूर राहण्याची गरज बदलत नाही. आयुर्वेदातील पंचकर्मांत 'वमन' आहे आणि इंग्रजीत 'व्हॉमिट' आहे; दोन्हींचे मूळ एकच. 'नॉशिया' म्हणजे मळमळ या शब्दात चक्क नाव लपली आहे. ग्रीकमध्ये 'नाउस' म्हणजे जहाज, संस्कृतातले 'नौ'. समुद्रप्रवासात पोट ढवळते ती 'नॉशिया'. पुढे समुद्र मागे राहिला आणि मळमळ तेवढी उरली. 'हॉरर'ची गोष्ट तर त्याहून मजेची आहे. लॅटिनमध्ये तो अंगावरचे केस उभे राहण्याचा शब्द होता आणि त्याचे संस्कृतातील नातेवाईक म्हणजे 'हर्ष'. संस्कृतातही 'हृष्' धातूचा एक अर्थ केस ताठ होणे असाच आहे. एकाच रोमांचातून एका भाषेने आनंद घेतला, तर दुसरीने भीती आणि शिसारी. मराठी वृत्तपत्रे एखाद्या अपघाताच्या किंवा हत्येच्या वर्णनात 'लोमहर्षक' लिहितात तेव्हा त्या शब्दात हा जुना अर्थ अजून जिवंत असतो.

वासाच्या शब्दांची घसरण दोन्ही भाषांत सारखीच झालेली दिसते. जुन्या इंग्रजीत 'स्टिंक' हे क्रियापद कोणत्याही वासाला चाले. फुलाचा सुगंधही 'स्टिंक' होत असे. हळूहळू चांगल्या वासाने त्याची सोबत सोडली आणि आज त्यात केवळ दुर्गंध उरला आहे. मराठीत नेमके हेच 'घाण' या शब्दाचे झाले. संस्कृत 'घ्राण' म्हणजे वास घेणे, वास घेणारे इंद्रिय, म्हणजे नाक. त्यापासून आलेली 'घाण' प्रथम दुर्गंधी झाली आणि नंतर दुर्गंधी ज्यातून येते तो कचरा, चिखल, मैला असे सर्व काही झाली. कोंकणीत 'घाण येता' म्हटले की वासाचा अर्थ अजून ठळक असतो. प्रमाण मराठीत मात्र 'घाण काढा' असे म्हटले जाते, तेव्हा नाकाची आठवणही राहत नाही. साधा 'वास' हा शब्ददेखील त्याच उतारावर आहे. 'खोलीत वास येतोय' या वाक्यातून कोणी मोगऱ्याचा अर्थ काढत नाही. इंग्रजीतील 'रीक' हा शब्द मुळात धुराचा. एडिंबरो शहराला स्कॉटलंडमध्ये 'ऑल्ड रीकी' म्हणतात ते चुलींच्या धुरामुळे. तेथे दुर्गंधीचा आरोप नाही.

या सगळ्या घराण्याचे नाव ज्या शब्दावर चालते तो 'डिस्गस्ट' मात्र तुलनेने नवा आहे. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच-इटालियनमधून आला आणि त्याचा शब्दशः अर्थ 'चवीला न रुचणे' इतकाच होता. जिभेचा हा शब्द पुढे नाकाचा, डोळ्यांचा, स्पर्शाचा आणि शेवटी नीतीचा झाला. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, त्यात तिएरा देल फुएगोमधला एक प्रसंग आहे. डार्विन छावणीत टिकवलेले थंड मांस खात होते. तेथील एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिले आणि त्याचा मऊपणा जाणवताच त्याला किळस आली. इकडे त्या उघड्या माणसाने आपल्या अन्नाला हात लावला म्हणून डार्विनना किळस आली. त्याचे हात अस्वच्छ दिसत नव्हते, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. एकच मांस, दोन माणसे आणि दोघांची किळस वेगळी. सूप स्वतः किळसवाणे नसते, पण दाढीला माखलेले सूप तसे दिसते, हेही डार्विन यांचेच निरीक्षण. किळस वस्तूत किती आणि पाहणाऱ्यात किती, हा प्रश्न तेथून आजवर सुटलेला नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राने या भावनेला रसांत मानाचे पान दिले. बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा, वर्ण नील आणि देवता महाकाल. 'जुगुप्सा' हा शब्द 'गुप्' म्हणजे रक्षण करणे या धातूचे इच्छादर्शक रूप आहे. स्वतःला जपण्याची इच्छा, असा त्याचा अर्थ उलगडतो. किळस ही रोगापासून बचाव करण्यासाठी घडलेली यंत्रणा असावी, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. व्याकरणाने ते फार पूर्वीच सांगून ठेवले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण योगायोग सुरेख आहे. याउलट 'घृणा' या शब्दाने चकवा दिला आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ ऊब, दुसऱ्याविषयीची कणव असाही होता. मराठीत त्यातली ऊब पार निघून गेली.

इंग्रजी शब्द मराठीत आणताना खरी अडचण येते ती छटांची. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत 'स्टेंच', 'फीटिड', 'रँसिड', 'मस्टी', 'अ‍ॅक्रिड' असे पाच वेगळे शब्द असतात आणि मराठी भाषांतरात पाचही ठिकाणी 'दुर्गंधी' किंवा 'उग्र वास' उतरतो. हा मराठीचा दोष नाही, घाईचा आहे. 'रँसिड' म्हणजे खवट. जुन्या खोबऱ्याचा, फार दिवस ठेवलेल्या तेलाचा वास. लोण्यालाही इंग्रजीत हाच शब्द लागतो. 'मस्टी' म्हणजे कुबट. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटातल्या कपड्यांचा. किनारपट्टीवर राहणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 'स्टेल' म्हणजे शिळे, 'प्युट्रिड' म्हणजे कुजके किंवा सडके, 'अ‍ॅक्रिड' म्हणजे नाकाला आणि घशाला झोंबणारा. जळत्या टायरचा धूर किंवा रसायनांची वाफ. 'फीटिड' हा साचलेल्या, कोंडलेल्या दुर्गंधाला लागतो. त्याचे बलस्थान हवा किंवा श्वास. सोनसोड्यावरच्या कचऱ्याच्या वासाला खवट म्हणता येणार नाही आणि खराब झालेल्या तेलाला कुजके म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरात कोणतीही आजी ही चूक करीत नाही.

उलट बाजूनेही पाहायला हवे. काही मराठी शब्दांपुढे इंग्रजीच गप्प होते. 'उष्टे' या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. उरलेल्या अन्नाला शब्द आहे, पण दुसऱ्याच्या तोंडाचा संबंध आल्यामुळे अन्नाचा दर्जाच बदलतो, ही कल्पना त्या शब्दात नाही. 'ओवळे' आणि 'विटाळ' यांचेही तेच. शिवाय मराठीत किळस 'येते', वीट 'येतो', शिसारी 'येते'. किळस बाहेरून माणसाकडे येते आणि माणूस चतुर्थीत उभा राहून ती सोसतो. इंग्रजीत माणूस 'डिस्गस्टेड' होतो आणि वस्तू 'डिस्गस्टिंग' असते. या दोन रूपांची अदलाबदल करून स्वतःलाच किळसवाणे ठरवणारे विद्यार्थी इंग्रजीच्या शिक्षकांना दरवर्षी भेटतात. 'नॉशस' या शब्दावर तर इंग्रजांचेच एकमत नाही: जुन्या वळणाच्या जाणकारांच्या मते त्याचा अर्थ मळमळ आणणारा, तर बोलीत तो सर्रास मळमळणाऱ्या माणसाला लावला जातो. ब्रिटिश वृत्तपत्रांत संतापलेल्या सनातनी पत्रलेखकाची एक दंतकथात्मक सही प्रसिद्ध आहे, 'टनब्रिज वेल्सचा किळसलेला'. मराठीत त्याचे भाषांतर 'एक संतप्त वाचक' असेच करावे लागेल. कारण मराठी वाचक पत्रात किळसत नाही, संतापतो.

काही इंग्रजी शब्द वरून एक आणि आतून दुसरेच असतात. 'नॉइसम' या शब्दात आवाजाचा काहीही संबंध नाही. तो 'अ‍ॅनॉय'पासून आला आणि त्याचा अर्थ त्रासदायक, बहुधा दुर्गंधीने त्रास देणारा. गोव्यातील ज्या जुन्या पिढीला पोर्तुगीज अवगत आहे तिला 'नोझु' हा किळस दाखवणारा शब्द ठाऊक असेल. तो आणि 'नॉइसम' एकाच लॅटिन मुळाची दूरची भावंडे आहेत. 'व्हाइल' म्हणजे मुळात फक्त स्वस्त. 'ग्रोस' म्हणजे जाड, ढोबळ. व्यापाऱ्यांचे बारा डझन आणि कर खात्याचे सकल उत्पन्न दोन्ही त्याच शब्दात मावतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी त्याला 'शी' असा अर्थ दिला आणि आता इंग्रजी माध्यमातील गोमंतकीय मुलेही डब्यातल्या नावडत्या भाजीला तोच शब्द लावतात. 'अबॉमिनेबल' या शब्दात 'ओमेन' म्हणजे शकुन आहे. अपशकुनासारखे टाळावे असे ते. मध्ययुगात काही पंडितांनी त्यात 'होमो' म्हणजे माणूस पाहिला आणि एक जादा 'एच' घालून त्याचा अर्थ 'अमानुष' असा लावला. शेक्सपिअरने अशा अतिशहाण्या पंडिताची एका नाटकात थट्टाही केली आहे.

आता ध्वनीकडे. स्लाइम, स्लज, स्लश, स्लॉप, स्लग: चिकट, ओल्या, ओघळणाऱ्या गोष्टींचे इतके इंग्रजी शब्द 'स्ल'ने सुरू होतात की अशा ध्वनिगटांना भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. मराठी हेच काम द्विरुक्तीने करते. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, चिकचिकीत, पचपचीत. यांतला प्रत्येक शब्द बोटांना वेगळा लागतो. मात्र किळस ध्वनीतच असते असे समजणे चूक ठरेल. इंग्रजी बोलणाऱ्या काहींना 'मॉइस्ट' म्हणजे ओलसर हा निरुपद्रवी शब्द ऐकवत नाही. अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजचे पॉल थिबोडो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे लोक सुमारे १० ते २० टक्के आढळले. कारण ध्वनीत नव्हे, तर त्या शब्दामुळे मनात येणाऱ्या शरीरस्रावांत असल्याचे दिसून आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. लोकांसमोर दोन बाटल्यांत साधी साखर भरली; एकीवर साखरेची चिठ्ठी, दुसरीवर सायनाइडची. दोन्हींत साखरच आहे हे ठाऊक असूनही दुसऱ्या बाटलीतली साखर घ्यायला लोक कचरले. चिठ्ठीवरचा शब्द डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा बलवान ठरला.

शब्दांच्या या बळाने कधी भलेही झाले आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदी मैल्याने इतकी भरली की नदीकाठच्या संसदभवनाचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवावे लागले. इतिहासात हा प्रसंग 'द ग्रेट स्टिंक' या रोखठोक नावाने नोंदला गेला. वर्षानुवर्षे रेंगाळलेला गटारांचा प्रश्न त्या दुर्गंधीने काही आठवड्यांत कायद्यापर्यंत नेला आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली भूमिगत गटारे उभी राहिली. त्यामागचा समज मात्र चुकीचा होता. रोग दुर्गंधीतूनच पसरतात, असे तेव्हा बहुतेक जण मानत. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थही 'वाईट हवा' असाच आहे. साथींनी जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, त्या काळीही दोष हवेलाच दिला जाई. डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी सापडला तो १८९७ मध्ये, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना. शब्द मात्र चुकीचाच रूढ राहिला.

वस्तूंसाठी घडलेले हे शब्द माणसांना लावले जातात, तेव्हा प्रकरण गंभीर होते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द रोड टू विगन पिअर'मध्ये इंग्लंडच्या वर्गभेदाचे मूळ वासात असल्याचे लिहिले. कष्टकऱ्यांच्या अंगाला वास येतो, असे मध्यमवर्गीय मुलांना लहानपणीच शिकवले जाते. मताने झालेला भेद पुसता येतो, पण शारीरिक किळस पुसता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. कष्टकरी खरोखर तसे असतात असे ऑर्वेलच म्हणाले, असा अपप्रचार पुढे झाला आणि त्यांना त्याचा खुलासा करीत बसावे लागले. २०१५ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रातील स्तंभाने स्थलांतरितांची तुलना झुरळांशी केली. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन मानवाधिकार उच्चायुक्त झैद राद अल हुसेन यांनी तेव्हा रवांडाची आठवण करून दिली. १९९४ च्या नरसंहारात तेथील नभोवाणीवरून तुत्सींना झुरळे म्हटले जात होते आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या नभोवाणीशी संबंधित प्रसारकांना दोषी ठरवले.

या बाबतीत मराठी समाजाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. 'विटाळ' हा शब्द शतकानुशतके स्पर्शाच्या किळसेवर उभा होता. चौदाव्या शतकात चोखामेळा आणि सोयराबाई यांनी त्यावरच अभंगांतून प्रश्न विचारला: विटाळ देहातूनच जन्मतो, तर देहाचा कोणता भाग शुद्ध? राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेवर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले. घाण उपसणाऱ्या माणसालाच घाण ठरवण्याची सवय शब्दांत किती खोल रुजली आहे, हे त्या दुसऱ्या कायद्यावरून कळते. एखाद्या वस्तीतील कचऱ्याची बातमी देताना 'घाणेरडी वस्ती' असा मथळा जातो, तेव्हा विशेषण कचऱ्याला सोडून तेथे राहणाऱ्यांना चिकटते. 'वस्तीत साचलेली घाण' लिहिले तर अक्षरे तीन वाढतात आणि प्रश्न पालिकेकडे जातो.

न्यायालयातही या छटांवर माणसाचे भवितव्य ठरते. बंगाली लेखक समरेश बसू यांची 'प्रजापति' ही कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या लेखकाला सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुक्त केले, ते इंग्रजीतील दोन शब्द वेगळे करून: 'व्हल्गर' आणि 'ऑब्सीन'. असभ्य लेखनाने वाचकाला किळस येईल, शिसारी येईल, कंटाळाही येईल. पण तेवढ्याने त्याची नीती भ्रष्ट होत नाही आणि म्हणून ते अश्लील ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'व्हल्गर' हा शब्द लॅटिन 'व्हल्गस' म्हणजे सामान्यजन यापासून आला. संस्कृत काव्यशास्त्रातील 'ग्राम्य' हा दोष त्याच तऱ्हेने गावकऱ्यांच्या माथी मारलेला. गंमत अशी की, अकराव्या शतकातील मम्मटाने 'अश्लील' या दोषाचे तीन प्रकार मानले होते: लज्जा उत्पन्न करणारा, अमंगल सुचवणारा आणि जुगुप्सा उत्पन्न करणारा. त्याच्या हिशेबात किळस अश्लीलतेतच मोडत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बाहेर काढली आणि समरेश बसू १८ वर्षांनी सुटले.